मला मशीन शिकवणारी स्नेहल

फोनवर नाव स्नेहलचंच आलेलं. सकाळचे पावणेनऊ वाजले असतील. शीळफाट्याच्या अलीकडे नाल्याच्या काठावर आमचं काम चालू होतं आणि मी गवत कापायच्या मशीनला ग्रीस मारत होतो. हात शर्टाला पुसून घाईघाईनं फोन घेतला आणि पलीकडचं कोणी बोलायच्या आत मीच सुरू झालो. म्हटलं, बघ, काल संध्याकाळी प्लेटलेट वाढल्या ना, आता काही काळजी नाही. कटरची दोन पाती झिजलीत, ती आज बदलतोय, समोरासमोरची दोन्ही बदलतोय, एकच नाही, तू सांगितलंस तशीच. तू आपली आरामात ये… असं बरंच बोलत सुटलो. पलीकडून काही आवाज येईना तेव्हा थांबलो. मग तिच्या आईचा आवाज आला. "सदाभाऊ, स्नेहल गेली हो पहाटे." एवढं बोलून त्यांनी फोन दुसऱ्या कुणाच्या तरी हातात दिला. मी त्या माणसाशी काय बोललो ते मला आठवत नाही. रस्त्याकडेला पाण्याची जाडजूड पाइपलाइन आहे, तिच्या सिमेंटच्या कट्ट्यावर जाऊन बसलो. समोर मशीन उभं होतं, त्याचं एक झाकण उघडंच राहिलेलं.

त्याला आता सात आठवडे झाले. एकोणतीस वर्षांच्या मुलीवर चोपन्न वर्षांच्या माणसानं असा लेख लिहावा लागणं हे काही बरोबर नाही. पण तिच्याबद्दल लिहायला दुसरं कोण आहे… तिची आई लिहिणार नाही, आणि कामावरची माणसं तिला 'मशीनवाली मॅडम' एवढंच ओळखत होती. मला तिनं शिकवलं, म्हणून मी लिहितो.

मी दिव्याला राहतो. गाव संगमेश्वराकडचं, बारावी झाल्यावर इकडे आलो आणि बागकामाच्या ठेक्यावर लागलो तो आजपर्यंत. आधी विळ्यानं गवत कापलं, मग खांद्याला अडकवायचं ग्रासकटर आलं ते बावीस वर्षं चालवलं. ठाण्यातले तलावांचे काठ, कल्याणकडचे रस्त्यांचे दुभाजक, डोंबिवलीतली मैदानं, नाल्यांचे उतार, सगळीकडे मी हिंडलेलो आहे. खांदा कायमचा उतरलेला आणि हाताला मुंग्या, पण कामात मला कोणी नाव ठेवलेलं नाही. मग दोन वर्षांपूर्वी ठेकेदारानं छोटी पोकलेन आणली. मोठ्या पोकलेनसारखीच, फक्त तीन टनांची, अरुंद रस्त्यावरही मावणारी. तिच्या हाताला माती खणायचं बकेट लावायच्या ऐवजी गवत कापायचं कटर लावलेलं होतं. एक आडवा रोळ, त्याला टांगलेली लोखंडी पाती, आणि वरून पत्र्याची पेटी. मशीन वर सपाट रस्त्यावर उभं राहणार आणि हात लांब करून खालचा उतार कापणार. आम्ही सहा माणसं चार दिवसांत जेवढं कापायचो तेवढं ती एका दिवसात कापायची. सुपरवायझर मला म्हणाला, तुम्ही शिकून घ्या, नाहीतर पुढच्या वर्षी तुम्हाला कुठं ठेवू ते मला माहीत नाही. आणि शिकवायला कोण येणार, तर सत्तावीस वर्षांची मुलगी.

खरं सांगायचं तर मला अपमान वाटलेला. ती पहिल्या दिवशी आली तेव्हा चुडीदार घातलेला, खांद्याला पर्स, कुणालाही वाटावं की बँकेत चालली आहे. सामान ठेवायच्या कंटेनरमध्ये गेली आणि पाच मिनिटांत जाड पँट, पूर्ण बाह्यांचा शर्ट, बूट आणि हेल्मेट घालून बाहेर आली. उंचीनं माझ्या खांद्याच्याही खाली. मला म्हणाली, "काका, मी स्नेहल. आज आपण मशीन चालू नाही करायचं." मी विचारलं, मग काय करायचं. तर म्हणाली, चालायचं. आणि खरोखरच तीन दिवस तिनं मला फक्त चालवलं. जो पट्टा कापायचा आहे तो आधी पायी बघायचा. हातात काठी आणि एक गोणपाट. गवतात दडलेली बाटली, तारेचा तुकडा, सळई, नारळाची करवंटी, दगड, जे मिळेल ते गोणपाटात. उचलता न येणारं असेल, म्हणजे चेंबरचं झाकण किंवा तुटलेला खांब, तर त्याच्याभोवती चुन्याच्या फक्कीनं पांढरं वर्तुळ. मग मान वर करून विजेच्या तारा बघायच्या, आणि काठापासून दोन पावलं सोडून फक्कीची लांब रेघ मारायची, मशीन ज्या साखळ्यांवर चालतं त्यांनी ती ओलांडायची नाही. मी सगळं आयुष्य गवतात काढलेलं आणि ही मुलगी मला गवतात चालायला शिकवते, याचा मला इतका राग यायचा की संध्याकाळी घरी जाऊन मी बायकोवर, सुमनवर, तो काढायचो. सुमन शांतपणे ऐकून घ्यायची. तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं, मिळतं काय काय गवतात? मी सांगायला लागलो तर यादी संपेना… जाड तारेचं अख्खं वेटोळं, स्कूटरचा गिअर, देवांच्या तसबिरींच्या काचा. त्या वेगानं फिरणाऱ्या रोळात यातलं काहीही गेलं असतं तर कुठं उडालं असतं, असं सुमननं विचारलं नाही. मीच गप्प झालो.

चौथ्या दिवशी तिनं मला वर बसवलं. वर चढतानाही तोंड मशीनकडे, आणि दोन हात-एक पाय किंवा दोन पाय-एक हात कायम टेकलेले, उडी मारून उतरायचं नाही. डाव्या बाजूला एक लाल दांडा असतो. तो वर केला की मशीन ऐकेनासं होतं, तुम्ही कुठलाही खटका हलवा, ते हलणार नाही. स्नेहलनं त्या दांड्याचीच मला दिवसभर सवय लावली. बसलात की कमरेला पट्टा, मग दांडा खाली, काम थांबलं की कटर जमिनीवर, दांडा वर. पन्नास वेळा, शंभर वेळा. मी म्हटलं, अगं, मी काय बालवाडीत आहे का? ती म्हणाली, हो. आणि हसलीसुद्धा नाही.

माझी पहिली मोठी चूक झाली ती दुसऱ्या आठवड्यात. या मशीनची केबिन गरगर फिरते, पण खालच्या साखळ्या आहेत तिथंच राहतात. त्यामुळे तुम्ही केबिन पूर्ण मागे फिरवलीत तर तुमचं 'पुढे' म्हणजे साखळ्यांचं 'मागे' होतं. तिनं सांगितलेलं की चालवायच्या आधी प्रत्येक वेळी साखळ्यांच्या पुढच्या टोकाचं माती लोटायचं ब्लेड कुठं आहे ते बघा, ब्लेड समोर दिसलं तरच पुढे म्हणजे पुढे. मी बघितलं नाही. दांडे पुढे ढकलले आणि मशीन पाठीमागे नाल्याकडे निघालं. फक्कीची रेघ साखळीखाली गेली. स्नेहल लांब उभी होती, तिनं दोन्ही हात डोक्यावर नेऊन फुली केली, ही आमची थांबायची खूण. मी हात सोडले, मशीन जागेवर थांबलं. काठ तीन-साडेतीन फुटांवर होता. ती धावत आली नाही, ओरडली नाही. चालत आली आणि माझ्या डोळ्यांत बघून दांडा वर करायची खूण केली. मी खाली उतरलो. तिनं मला पाण्याची बाटली दिली आणि म्हणाली की तुम्ही घाबरून अजून काहीतरी ओढलं नाही, हात सोडले, हे चांगलं केलंत. मग दहा मिनिटांनी मला परत वर बसवलं. मला वाटतं, त्या दिवसापासून मी तिला मनातल्या मनात मॅडम म्हणायचं सोडलं आणि नावानं हाक मारायला लागलो. ती मला सदाकाका म्हणायला लागली.

ती कल्याण पूर्वेला चाळीत राहायची. वडील ती शाळेत असतानाच गेलेले, आई लताताई एका खाजगी दवाखान्यात आया. भावंड कोणी नाही, दोघीच. आयटीआयला डिझेल मेकॅनिक केलं, वर्गात ती एकटीच मुलगी. मग मशीन चालवायचं प्रशिक्षण घेतलं, परीक्षा दिली. पहिल्या साइटवर तिला बघायला लोक गोळा व्हायचे, रिक्षावाले रिक्षा थांबवायचे. दुसऱ्या साइटवर ठेकेदारानं तिला महिनाभर मशीनला हातच लावू दिला नाही, नुसतं हजेरीचं रजिस्टर भरायला बसवलं. हे तिनं मला एकदम नाही सांगितलं. दुपारी डबा खाताना एकेक गोष्ट निघायची. चुडीदाराची आणि पर्सचीही गोष्ट तशीच निघाली. आईनं चाळीत सगळ्यांना सांगितलेलं की मुलगी ऑफिसात आहे, कॉम्प्युटरवर. पोकलेन चालवणारी मुलगी म्हटल्यावर कुठलं स्थळ येणार, असं त्यांचं म्हणणं. म्हणून रोज ती ऑफिसला जाणाऱ्या मुलीसारखी घरातून निघायची आणि इथं येऊन कपडे बदलायची. संध्याकाळी परत तोंड धुऊन, केस विंचरून, पर्स घेऊन. मी म्हटलं, आईला एकदा आणून दाखव की. ती म्हणाली, "मी बोलावलंय काका. तीनदा. ती म्हणते, मला नाय बघवणार." आणि डब्याचं झाकण लावून उठली.

माझं शिक्षण चार महिने चाललं. मधे एक परीक्षाही झाली, कागद मिळाला, तो सुमननं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवलाय. पण माझ्या दृष्टीनं मी पास झालो तो दिवस वेगळा होता. स्नेहल रोज माझं काम चालू असताना दोरीपाशी उभी राहायची. आम्ही कामाच्या चारही बाजूंना शंभर पावलांवर दोरी बांधायचो, त्याच्या आत कोणी येऊ द्यायचं नाही आणि आलंच तर मशीन बंद. ती तिथं उभी राहून माझा प्रत्येक हात बघायची. एके दिवशी मी मान वळवून बघितलं तर दोरीपाशी दुसरा माणूस झेंडी घेऊन उभा, आणि स्नेहल पलीकडच्या टपरीच्या बाकड्यावर चहा पीत बसलेली. माझ्याकडे पाठ करून. पूर्ण पाऊण तास तिनं मागे वळून बघितलं नाही. मी घामाघूम झालेलो, पण इतकं सरळ गवत मी त्याआधी कधी कापलं नव्हतं.

आता जे लिहितो ते लिहावं की नाही यावर मी बरेच दिवस विचार केला. पण तिच्याबद्दल लिहायचं तर ते टाळून चालणार नाही. माझ्या हातात मशीन येऊन सहा महिने झालेले. पावसाळा संपत आला होता, गवत कमरेइतकं वाढलेलं. दुसऱ्या दिवशी तिथं कोणी पाहुणे येणार म्हणून सुपरवायझर सकाळपासून घाई करत होता. स्नेहल त्या दिवशी डोंबिवलीच्या साइटवर गेलेली. शेवटचा एक पट्टा राहिला होता, लहानसाच. मी तो चालून बघितला नाही. दोरी पुढे सरकवली नाही. मनात म्हटलं, एवढासा तर आहे, आणि कटर सुरू केलं. एक मिनिटही झालं नसेल, ठाण्ण असा आवाज आला, पेटीखालून काहीतरी सुटलं आणि त्याच वेळी पलीकडे एक बाई खाली बसलेली मला दिसली. जवळच्या गावातली बाई, गवतात भाजी खुडत होती. मी मशीन बंद करून धावत गेलो. तिला काही झालं नव्हतं. तिच्याशेजारी प्लॅस्टिकचं घमेलं होतं, त्याला आरपार भोक पडलेलं, आणि पाच-सहा फुटांवर सळईचा एक बोटभर तुकडा मातीत रुतलेला. ती बाई घमेल्याकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. भाजी पदरात घेऊन उठून गेली. मी तो तुकडा नाल्यात फेकून दिला आणि कुणाला सांगितलं नाही. सुमनलाही नाही.

दोन दिवसांनी स्नेहल आली. सकाळी मशीनभोवती फेरी मारताना तिनं कटरखाली वाकून बघितलं आणि एका पात्यावर बोट फिरवलं. पात्याची कड वळलेली होती. विचारलं, काय लागलं? मी म्हटलं, दगड असेल. तिनं परत विचारलं. मी परत दगड म्हटलं. ती तिथंच उकिडवी बसून राहिली आणि तिसऱ्यांदा विचारलं नाही. शेवटी मीच सगळं सांगून टाकलं. आणि सांगून झाल्यावर वर म्हटलं, पण कुणाला लागलं नाही ना.

तेव्हा ती उठली. "काका, कुणाला लागलं नाही, हे तुम्ही केलेलं नाही. ते नशिबानं झालं. तुम्ही काय केलं ते मला सांगा."

मी चिडलो. तुझ्या वयाची माझी पुतणी आहे, माझ्याशी अशी बोलू नकोस, असं काहीबाही बोललो. तिनं ऐकून घेतलं. मग किल्ली मागितली. मी दिली. तिनं कंटेनरमधलं रजिस्टर काढलं आणि झालं ते सगळं लिहिलं, मी लपवलं हेसुद्धा. माझी नोकरी आता जाणार हे मला दिसत होतं. पण खाली तिनं आणखी एक ओळ लिहिलेली, ती मी नंतर वाचली. सदानंद यांना शिकवण्याची जबाबदारी माझी होती, त्यामुळे यात मीही जबाबदार आहे. खाली सही. सुपरवायझरनं तिला ते पान फाडायला सांगितलेलं, तिनं नाही फाडलं. त्यानंतर ती मला घेऊन त्या गावात गेली. भाजीवाली बाई शोधायला आम्हाला तासभर लागला. मी तिची माफी मागितली. तिनं आम्हाला पाणी दिलं आणि एवढंच म्हणाली की तिकडे आम्ही रोज येतो, तुम्ही आम्हाला सांगत जावा. त्यानंतर दोरी बांधायच्या आधी त्या गावात जाऊन सांगायचं, हाही आमच्या कामाचा भाग झाला.

नोकरी गेली नाही. पण आठ दिवस मला मशीनवर बसायला मिळालं नाही. मला दोरीपाशी झेंडी घेऊन उभं केलं आणि मशीन स्नेहल चालवू लागली. ते आठ दिवस तेव्हा मला शिक्षा वाटलेले. आज मागे वळून बघतो तर माझ्याकडे तिचं जे काही आहे ते त्या आठ दिवसांतलंच आहे. कारण तोपर्यंत मी तिला चालवताना नीट बघितलंच नव्हतं, मी कायम आत बसलेला आणि ती बाहेर. आता ती आत आणि मी लांब. त्या काचेमागे ती इतकीशी दिसायची. कटर उताराला लावायची ते गवताला चाहूलही लागू नये इतकं हळू, आणि मग एका लयीत खालून वर, वरून खाली. कटर गुडघ्याच्या वर कधी उचलायची नाही. मधेच थांबायची, मान वाकवून ऐकायची, आणि जरासा वेगळा आवाज आला की सगळं बंद करून खाली उतरायची. एकदा तर अर्धा तास काम थांबवलं, कारण पुढे गवतालगतच्या खडीत टिटवीची अंडी होती. आणि दुसरं म्हणजे, त्या दोरीपाशी उभं राहिल्यावर मला पहिल्यांदा कळलं की तिकडून मशीन कसं दिसतं. आत बसलं की आपल्याला वाटतं, सगळं आपल्या हातात आहे. बाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात काहीच नसतं. शाळेतनं येणारी मुलं, हंडे घेऊन निघालेल्या बाया, सगळे माझ्या एका झेंडीवर विश्वास ठेवून थांबत होते. आठव्या दिवशी संध्याकाळी तिनं किल्ली माझ्या हातात ठेवली.

त्यानंतरचं वर्ष आमचं फार चांगलं गेलं. ती दोन-तीनदा दिव्याला आमच्या घरी जेवायला आली. पाणी एक दिवसाआड येतं आमच्याकडे, तर ही आल्या आल्या सुमनबरोबर बादल्या भरायला लागली. सुमनचे घावणे तिला इतके आवडले की एकदा आईसाठी डब्यात घालून नेले. तिला मुलींसाठी मशीन शिकवायचा वर्ग काढायचा होता. जागाही बघून ठेवलेली. म्हणायची, काका, तुम्ही दोरीचा धडा शिकवायचा, तो तुमच्यासारखा कोणी नाही शिकवणार. मी लाजायचो. मनातून फार बरं वाटायचं.

तिला ताप आला तो सोमवारी. अंग दुखतंय म्हणाली, डोळे लाल. मी म्हटलं, घरी जा. म्हणाली, दोन दिवसांचं काम आहे, संपवून झोपते. मंगळवारी परत आली. मी पुन्हा म्हटलं, पण जोर लावून म्हटलं नाही. मशीनमधून जरा वेगळा आवाज आला तर मला बंद करायला लावणारी मुलगी, आणि तिच्या अंगात ताप असताना मी दिवसभर तिच्याशेजारी काम करत राहिलो… हे माझ्या मनातून जात नाही. बुधवारी तिला कल्याणला दवाखान्यात ठेवलं, डेंग्यू निघाला. प्लेटलेट द्यायला मी गेलेलो, पण माझं बीपी वाढलेलं निघालं आणि त्यांनी मला परत पाठवलं. बाहेर बाकावर लताताई बसलेल्या. ती आमची पहिली भेट. त्या म्हणाल्या, तुम्ही तिच्या ऑफिसातले ना? मी हो म्हटलं.

शुक्रवारी संध्याकाळी मला पाच मिनिटं आत सोडलं. स्नेहल झोपेत असल्यासारखी होती, हाताला सुई, ओठ सुकलेले. मी आलोय म्हटल्यावर डोळे उघडले. काम कुठपर्यंत आलं ते विचारलं. मी सांगितलं, कोपऱ्यापर्यंत. मग म्हणाली, "त्या कोपऱ्यावर माती पोकळ आहे काका. मी येईपर्यंत थांबा." मी थांबतो म्हटलं. बाहेर आलो तर डॉक्टर सांगत होते की आकडा वाढलाय. आनंदानं मी जिना उतरलो. दुसऱ्या दिवशी सकाळी तो फोन आला.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला चाळीतले सगळे आले होते. समोर तिचा फोटो, लग्नाला गेल्यावर काढलेला, साडीतला. बोलायला उठणारा प्रत्येक जण ती किती हुशार होती, ऑफिसात किती चांगल्या जागेवर होती ते सांगत होता. मी मागे बसून ऐकत होतो. कार्यक्रम संपल्यावर लताताई माझ्याजवळ आल्या आणि विचारलं, तुमच्याकडे तिचा कामावरचा फोटो आहे का? मी मोबाइल काढून दाखवला. हेल्मेट घातलेली स्नेहल कटरच्या पेटीशेजारी उकिडवी बसली आहे, गालाला ग्रीस लागलेलं. त्यांनी मोबाइल दोन्ही हातांत धरला आणि खूप वेळ परत दिला नाही. मग म्हणाल्या, मला तिथं घेऊन चला.

गेल्या आठवड्यात त्या आल्या. रिक्षानं शीळफाट्याला उतरल्या, मी घ्यायला गेलो. अंगावर दवाखान्याची निळी साडी, अर्धी सुट्टी काढून आलेल्या. मी त्यांना हेल्मेट दिलं, ते त्यांनी काही न विचारता घातलं. मशीन बंदच होतं, कटर जमिनीवर टेकलेलं, किल्ली माझ्या खिशात. त्यांनी भोवती फेरी मारली, साखळीला हात लावला. मग विचारलं, "ती कुठं बसायची?" मी चढायचं कसं ते दाखवलं, तोंड मशीनकडे, एक हात इथं, एक हात तिथं. त्या चढल्या, बसल्या, पण पाय खाली टेकेनात. सीट माझ्या मापाला मागे घेतलेली होती. मी खाली हात घालून खटका ओढला आणि सीट दातेरी पट्टीवरून पुढे घेतली. एक दात, दोन दात… चौथ्या दाताला थांबलो. स्नेहलचं माप ते. ती चालवून गेली की दर वेळी मी चार दात सीट मागे घ्यायचो आणि तिच्या उंचीवरून तिला चिडवायचो. लताताईंचे पाय बरोबर पेडलवर आले. त्यांनी दोन्ही हात दांड्यांवर ठेवले आणि समोर बघत राहिल्या. तिथून सगळा उतार दिसतो, नाला, पलीकडचं गाव, लांबवर दिव्याच्या इमारती. मी जरा लांब जाऊन उभा राहिलो. बऱ्याच वेळानं पदरानं डोळे पुसून त्या खाली उतरल्या आणि म्हणाल्या, आता चालवून दाखवा, ती चालवायची तसं.

पट्टा मी सकाळीच चालून बघितलेला. त्यांना घेऊन शंभर पावलं गेलो, दोरीच्या बाहेर उभं केलं, हातात झेंडी दिली, आत कोणी नाही असं दिसलं की हात वर करायचा म्हणून सांगितलं. परत येऊन केबिनमध्ये चढलो तर गुडघे समोर अडकले. सीट चौथ्या दातावरच होती. एक क्षण वाटलं, असू दे. आजचा दिवस तशीच राहू दे, मी पाय दुमडून चालवीन. पुन्हा ती तिथं कोण नेऊन ठेवणार… पण तशा अडचणीत बसून मशीन सुरू करायला तिनं मला कधीच दिलं नसतं. दांडा वर करून मला खाली उतरवलं असतं. मी खाली हात घातला, खटका ओढला आणि सीट मागे घेतली. चार दात. कमरेला पट्टा लावला. ब्लेड समोर आहे ते बघितलं. मग दोरीकडे बघितलं. लताताईंनी आधी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, आणि हात वर केला.